मांजरांना खायला घालू नये

डोंबिवली पूर्वेला समाधान सोसायटीच्या जिन्याखाली एक काचेचा सूचनाफलक आहे आणि त्याची किल्ली कुंडलिकराव अहिरे यांच्या शर्टाच्या खिशात असते. आंघोळीच्या वेळी ती कुठे असते याबद्दल सभासदांत मतभेद आहेत.

कुंडलिकराव सोसायटीचे सेक्रेटरी. त्याआधी ते ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोत होते आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी कंट्रोलरच्या केबिनमध्ये माइकसमोर काढली. ज्याने आयुष्यभर ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हटलं आणि फलाटभर माणसांनी खरोखरच लक्ष दिलं, त्याला निवृत्तीनंतर नुसतं पेपर वाचत बसवत नाही. माइक गेला तेव्हा त्यांनी फलक धरला. जिन्यात चपला काढू नयेत. गच्चीवर पापड वाळत घालण्यापूर्वी सेक्रेटरींना कळवावे. लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत. (ही लहान मुलांसाठी होती, पण ती लागल्यापासून मोठ्या माणसांनाही एकदा मारून बघावीशी वाटू लागली.) आणि सगळ्यांत वर, लाल शाईने अधोरेखित केलेली: ‘आवारातील मांजरांना कोणीही खायला घालू नये. आदेशावरून.’

कोणाच्या आदेशावरून, हे कोणी विचारलं नाही. एस.टी.त आदेश नेहमी वरून येतात, आणि कुंडलिकराव तिसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे ते तसं खोटंही नव्हतं.

ही सूचना लागून दोन वर्षं झाली. आणि जवळजवळ तितकीच वर्षं कुंडलिकरावांच्या घरात, पंख्याखालच्या खुर्चीत, एक बोका झोपत होता.

यात दोष शांताबाईंचा. निदान कुंडलिकरावांचं मत तसं होतं. सूचना लागल्याच्या आठवड्यातच मुठीएवढं एक पिवळं पिल्लू गॅलरीत येऊन बसलं आणि शांताबाईंनी त्याच्यापुढे बशी ठेवली. कुंडलिकरावांनी नियमाची आठवण करून दिली. त्यावर शांताबाई शांतपणे म्हणाल्या, “रोज सकाळी बुद्धांसमोर हात जोडून पंचशील म्हणता. कुठल्या जिवाला दुखावणार नाही म्हणता. मग खाली जाऊन ते काय लिहून ठेवलंय?” पिल्लू गॅलरीपुरतं राहील असं ठरलं. मग ते दारापुरतं राहिलं, मग मोरीपुरतं, आणि एके दिवशी कुंडलिकराव पेपर आणायला उठले ते परत येईपर्यंत त्यांची खुर्ची गेलेली होती.

शांताबाई त्याला बाळू म्हणत. कुंडलिकरावांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं, कारण नाव ठेवलं की तो आपला झाला असं कोणी म्हणेल. ते त्याला ‘अरे ए’ म्हणत. दिवसातून बऱ्याच वेळा म्हणत, आणि घरात कोणी नसलं की बऱ्याच वेगळ्या आवाजात म्हणत.

ही गोष्ट इमारतीत कळता कामा नये. त्यासाठी दोघांनी काय काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. बोक्यासाठी लागणारी वाळू कुंडलिकराव तांदळाच्या पिशवीतून आणत आणि जिन्यात कोणी भेटलं तर ‘कुंड्यांसाठी’ म्हणत. गॅलरीत कुंडी एकच होती, तीही कोरफडीची. बोका ओरडला की शांताबाई टीव्हीचा आवाज वाढवत, त्यामुळे अहिऱ्यांना कमी ऐकू यायला लागलं अशी बोलवा झाली. बोका सकाळ-संध्याकाळ गॅलरीतून सज्जावर उतरून फेरफटका मारायला जाई. तेवढी हवा त्याला मानवत असावी, कारण तो चांगला वाढला. चांगला म्हणजे किती, तर अलीकडे खुर्चीत बसल्यावर तो दोन्ही हातांवरून थोडा बाहेर येत असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी संध्याकाळी बोका वाळूत जाऊन बसला आणि बराच वेळ बसून राहिला. उठला, पुन्हा बसला. त्याने पाठीची कमान केली, जोर केला, एक विचित्र खर्जातला आवाज काढला, आणि मागे वळून असं बघितलं की जणू हे दुसऱ्याच कोणीतरी केलंय. शांताबाईंनी ठेवलेल्या बांगड्याच्या तुकड्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

“बद्धकोष्ठ,” कुंडलिकराव म्हणाले. “होईल सकाळपर्यंत.”

सकाळपर्यंत झालं नाही. बोका वाळूतून खुर्चीखाली आणि खुर्चीखालून वाळूत फेऱ्या घालत होता. कुंडलिकरावांनाही रात्रभर झोप नव्हती, पण त्याचं कारण त्यांनी उकाडा असं सांगितलं.

रविवारी सकाळी ते दूध आणायला खाली गेले तर तळमजल्यावरच्या सरोजवहिनी दारात उभ्या. समाधान सोसायटीत कोणाचंही पोट बिघडलं तर डॉक्टरच्या आधी ते सरोजवहिनींना कळतं. काही वेळा त्या माणसाच्याही आधी. कुंडलिकरावांना वाटलं, सहज विचारावं.

“वहिनी, समजा एखाद्याला सारखं जावंसं वाटतंय, बसतोही, पण होत काहीच नाही. तर काय द्यावं?”

“कोणाला हो?”

इथे जर कुंडलिकराव ‘बोक्याला’ म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वहिनींच्या डोक्यामागे, भिंतीवर, लाल शाईची सूचना स्पष्ट दिसत होती. खाली सही होती, कुं. भि. अहिरे.

“मला,” कुंडलिकराव म्हणाले.

“अगंबाई! मग सांगायचं नाही का?” असं म्हणून वहिनी आत गेल्या आणि एरंडेलाची बाटली, चमचा आणि सुंठेचा काढा घेऊन आल्या. कुंडलिकराव बाटली घ्यायला हात पुढे करतात तो वहिनींनी ती मागे घेतली. “घरी नेऊन तुम्ही घ्यायचे नाही, मला माहितीय पुरुषांचं. आमचे हे बेसिनमध्ये ओतायचे. माझ्यासमोर घ्या.”

आता डेपोमध्ये हजार प्रवाशांसमोर पाच तास उशिरा आलेल्या गाडीबद्दल दिलगिरी व्यक्त केलेला माणूस तो. मागे हटणार नाही. त्यांनी दोन चमचे एरंडेल घेतलं, वर काढा घेतला, आणि ‘उरलेलं शांतासाठी’ असं सांगून थोडं वाटीत मागून घेतलं. वर येऊन ते बोक्याला पाजायचा प्रयत्न झाला. निम्मं कुंडलिकरावांच्या बनियनवर, निम्मं पंख्याखालच्या खुर्चीवर. बोक्याच्या पोटात एक थेंब गेला असेल तर शपथ.

या झटापटीत शांताबाईंनी चष्मा लावून वाळू नीट पाहिली. “अहो,” त्या म्हणाल्या, “त्याचं दोन नंबरचं नाही अडलेलं. एक नंबरचं अडलंय. वाळू कालपासून कोरडीठाक आहे.”

“नक्की?”

“हे बघा की, सारखं तिथेच चाटतोय.”

कुंडलिकरावांचा चेहरा उतरला. आजार बदलला होता आणि त्यांनी मात्र जुन्या आजाराचं औषध घेतलेलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर विनीत राहतो. विनीत औषध कंपनीत आहे, दिवसभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसतो, आणि बाहेर बसून माणसाला जेवढं वैद्यक कळतं तेवढं सगळं त्याला कळतं. कुंडलिकरावांनी त्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं की लघवी अडली तर त्यावर गोळी कुठली.

विनीतने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, लाजू नका. ह्या वयात कॉमन आहे. वहिनींनी मला आत्ताच सांगितलं, पोटाचं आहे म्हणून, पण मला डाउट होताच. ते पोट नाही, प्रोस्टेट आहे.”

“नाही रे, मी आपलं असंच...”

“असंच कोणी विचारत नाही. ही घ्या, पॅरासिटॅमॉल, दुखणं थांबेल तोपर्यंत. आणि चला, सोनोग्राफी करून टाकू. रविवारी दुपारपर्यंत चालू असतं, तिथला माणूस आपला आहे. दुपारनंतर बंद मिळालं तर मी जबाबदार नाही.”

कुंडलिकराव ‘आलोच’ म्हणून वर आले. गोळी चार तुकडे करून एक तुकडा बोक्याला द्यावा असा त्यांचा बेत होता. माणसाला एक, तर बोक्याला पाव, हे गणित त्यांना बरोबर वाटत होतं. एस.टी.तही लहान मुलाला अर्धं तिकीट असतं. शांताबाईंनी गोळी काढून घेतली आणि म्हणाल्या की आपल्या घरात माणसाची गोळी माणसालाच मिळेल. तेवढ्यात बेल वाजली, आणि दारात विनीत हेल्मेट घेऊन उभा.

“जाऊन या,” शांताबाई कुजबुजल्या. “जाताना जनावरांच्या दवाखान्याची चौकशी तरी करा. मी सम्यकला पुण्याला फोन लावते.” सम्यक त्यांचा मुलगा.

जवळचा जनावरांचा दवाखाना रविवारी बंद होता. हे कुंडलिकरावांना स्कूटरच्या मागच्या सीटवरून, भर वेगात, बंद शटर पाहून समजलं. सोनोग्राफी सेंटर मात्र सताड उघडं होतं. तिथल्या मुलीने त्यांना पाण्याची मोठी बाटली दिली, संपवली की दुसरी दिली. “ब्लॅडर फुल लागेल, काका. प्रेशर आलं की सांगा. तोवर जायचं नाही.” कुंडलिकराव शिस्तीचे. प्यायले. बाकड्यावर बसले. शेजारी त्यांच्याच वयाची चार माणसं गुडघे जुळवून, कोणाकडेही न बघता बसलेली होती. अशा वेळी संभाषण होत नाही. कुंडलिकराव घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्या मनात खुर्चीखालचा तो खर्जातला आवाज येत होता. दोन वर्षांत हा प्राणी त्यांच्याशी कधी भांडला नव्हता, खुर्ची सोडली तर. रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी दुपारी अडीचला, अक्कलकोट गाडी सुटायच्या वेळी, त्यांना उगाच हुरहुर लागायची. तेव्हा तो मांडीवर येऊन बसायचा. तो गेला तर अडीच वाजता काय करायचं, हे त्यांना कळेना.

प्रेशर चांगलंच आलं होतं, आणि त्यांचं नाव पुकारलं जाणार इतक्यात शांताबाईंचा फोन आला. “त्याने ओकलंय. दोनदा. आता उठतही नाही. सम्यक म्हणतो, मोबाइलवर बघितलं त्यानं, बोक्याची लघवी अडली तर दिवसभरात जातो तो. अहो, या ना लवकर.”

कुंडलिकराव उठले. मुलगी म्हणाली, “काका, मशीन रिकामं झालंय.” कुंडलिकराव म्हणाले, “माझं नाही,” आणि विनीतला घेऊन घराकडे निघाले. बाथरूमकडे वळण्याएवढाही वेळ त्यांनी तिथे घेतला नाही, आणि घरीही नाही. ती चूक होती, पण ते त्यांना पुढे कळलं.

आता चोवीस तास उघडा असलेला जनावरांचा दवाखाना त्यांना एकच माहीत होता. खोपटला डेपोच्या समोर, त्यांच्या केबिनच्या खिडकीतून सरळ दिसणारा. इतकी वर्षं त्याची पाटी वाचत त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. शांताबाईंनी चेनवाली प्रवासी बॅग काढली, तळाशी जुनी साडी घातली, बोक्याला त्यात ठेवलं आणि चेन बोटभर उघडी ठेवली. बोक्याने विरोध केला नाही. एरवी त्याला नुसतं उचललं तरी तो चारी पाय चार दिशांना फाकवायचा. त्याने विरोध केला नाही हे बघून दोघंही एकमेकांकडे बघेनात.

खाली उतरतात तो जिन्याशी अर्धी सोसायटी जमलेली. हातात बॅग, शांताबाईंचे डोळे लाल, कुंडलिकराव गुडघे जुळवून चालतायत. सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

“ॲडमिट व्हायला सांगितलं?” सरोजवहिनींनी विचारलं. त्यांच्या हातात मऊ भाताचा डबा तयार होता. “मी येते सोबत. शांता एकटी काय काय बघेल?”

चौथ्या मजल्यावरच्या तुळसाआजी, ज्यांचं मूळ घर इथेच गावठाणात होतं, जिन्यावरून वाकून म्हणाल्या, “आरं कुंडलिक, घाबरू नको बाला. माज्या घरवाल्याचा पन आसाच झालेला. नली घातली नं सुटला.”

कुंडलिकरावांनी आयुष्यात अनेक घोषणा केल्या, पण आपल्या लघवीची घोषणा चार मजल्यांवर होताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी मान खाली घातली, ‘ठाण्याला’ एवढंच म्हटलं आणि विनीतच्या मोटारीत मागे बसले. बॅग मांडीवर घ्यायची सोय नव्हती, मांडीवर भार चालणार नव्हता, म्हणून ती शांताबाईंनी घेतली.

“माणकोलीच्या पुलावरून काढतो, काका. झटक्यात ठाणं.”

“शीळफाट्यावरून घे,” कुंडलिकराव म्हणाले. “तो रूट आपल्याला पाठ आहे.” तीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या माणसापुढे विनीत काय बोलणार? त्याने शीळ रस्ता धरला आणि काटई नाक्याच्या पुढे गाडी जी रखडली ती रखडलीच. पुढे कसलंसं काम काढलेलं होतं. खड्डा आणि ब्रेक, ब्रेक आणि खड्डा. प्रत्येक खड्ड्याला कुंडलिकरावांच्या कपाळावर घामाचा नवा थेंब उभा राही. सोनोग्राफीचं पाणी आपलं काम करत होतं, आणि त्याच्याही खाली, खोल कुठेतरी, सरोजवहिनींचं एरंडेल जागं होत होतं. त्यांनी डोळे मिटले. तासाभरात माझी ही अवस्था, त्यांच्या मनात आलं. हा तर कालपासून असा आहे. आणि मी म्हणालो, होईल सकाळपर्यंत.

बॅगेतून एक बारीक आवाज आला. शांताबाई खोकल्या. पुन्हा आला. कुंडलिकराव खोकले. विनीतने एसी वाढवला. सरोजवहिनी खिडकीबाहेर फार लक्षपूर्वक एक सिमेंटचा ट्रक बघत राहिल्या.

मग बॅगेतून आवाज यायचा थांबला.

शांताबाईंनी कुंडलिकरावांकडे पाहिलं. कुंडलिकरावांनी हात पुढे केला आणि सर्रकन सगळी चेन उघडली. बोक्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

“विनीत,” कुंडलिकराव माइकवरच्या आवाजात म्हणाले, “काढ गाडी इथून कशीही. रस्त्याखालून घे, उलटी घे. माझं काही अडलेलं नाही. ह्याचं अडलंय. हा आमचा आहे. दोन वर्षं आमच्याकडे आहे. सूचना मी लावली आणि खायला मीच घातलं. काय दंड करायचा तो करा, पण आधी खोपटला चला.”

विनीतने मागे वळून बघितलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं. “टायगर?”

“कोण टायगर?”

“काका, हा टायगर आहे! आमचा... म्हणजे, रोज संध्याकाळी येतो. मी त्याला ड्रायफूड ठेवतो. वाटीभर. मला वाटलं तुम्हाला कळलं तर...”

“टायगर काय मेलं,” सरोजवहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. “सोन्या आहे तो. सकाळी दूध-चपाती खायला येतो माझ्याकडे. साय लागते त्याला. आणि भाऊजी, तो तुमच्याकडे राहतो हे सगळ्या बिल्डिंगला माहितीये. इतकी वाळू कोणी कोरफडीला घालतं का? आम्ही आपलं म्हटलं, माणसाचा मान असतो, कशाला बोला.”

“मग तुम्ही मला एरंडेल का पाजलंत?”

“आजारी तुम्हीच आहात असं तुम्हीच म्हणालात!”

विनीतने तेवढ्यात एका पेट्रोल पंपाच्या आतून गाडी काढली आणि कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून ती बायपासला आणून घातली. तो मार्ग कुंडलिकरावांना माहीत नव्हता, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यातली डॉक्टर शिवानी तरुण होती आणि तिने बॅग बघताच रांग मोडून त्यांना आत घेतलं. पोटाला हात लावला मात्र, तिचा चेहरा बदलला. “फुगा झालाय नुसता. कधीपासून?”

“कालपासून,” कुंडलिकराव म्हणाले. “चूक माझी.”

“घरी काही औषध दिलं?”

“एरंडेल. म्हणजे ते मीच घेतलं. आणि पॅरासिटॅमॉल द्यायचं मनात होतं, पण हिने दिलं नाही.”

डॉक्टरने शांताबाईंकडे पाहिलं. “बाई, तुम्ही वाचवलंत त्याला. मांजराला ती गोळी विष आहे, पाव असो की अर्धी. आता नळी घालून मोकळं करावं लागेल. रक्त बघू, सलाईन लावू. उशीर झालाय, नाही असं नाही. मी प्रयत्न करते.” तिने लिहायला घेतलं. “नाव काय याचं?”

“बाळू,” शांताबाई म्हणाल्या.

“टायगर,” विनीत म्हणाला.

“सोन्या,” सरोजवहिनी म्हणाल्या.

विनीतने मघाशीच सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली होती, त्यामुळे तुळसाआजी स्पीकरवर होत्या आणि त्यांचाही आवाज आला, “मोत्या बोल तिला, मोत्या! मी त्याला रोज सुक्या बोंबलाची मुंडकी घालतंय.” बोक्याला मोत्या कोण म्हणतं, असा प्रश्न कोणाच्या तरी ओठांवर आला असेल, पण वेळ ती नव्हती.

“आडनाव तरी एकच सांगा,” डॉक्टर म्हणाली.

कुंडलिकराव टेबलाला धरून, पाय आवळून, ताठ उभे राहिले. “अहिरे,” ते म्हणाले. “लिहा, अहिरे.”

आणि मग ‘इथे बाथरूम कुठे आहे’ असं विचारून ते ज्या वेगाने गेले, तो वेग खोपट परिसराने त्यांच्याकडून नोकरीच्या काळातही पाहिला नव्हता.

ते बराच वेळ आत होते. पाण्याचं एक झालं आणि एरंडेलाचं दुसरं. बाहेर आले तेव्हा पाय हलके आणि डोळे भरलेले होते. समोर डॉक्टर शिवानी मोजे काढत उभी. “मोकळं झालं,” ती म्हणाली, “आता कसं, जरा बरं वाटतंय.” ती कोणाबद्दल बोलतेय हे कुंडलिकरावांना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि ते तिथेच बाकड्यावर बसून रडले. शांताबाईंनी त्यांच्या हातात पदर दिला. सरोजवहिनींनी डबा उघडून सगळ्यांना थोडा थोडा मऊ भात दिला, कारण सकाळपासून कोणीच काही खाल्लं नव्हतं.

बोका तीन दिवस दवाखान्यात राहिला. पहिला दिवस धाकधुकीचा गेला, दुसऱ्या दिवशी त्याने कंपाउंडरला ओरबाडलं, आणि तब्येत सुधारली यावर सर्वांचं एकमत झालं. घरी नेताना कुंडलिकराव डॉक्टरसमोर सावधान उभे राहून म्हणाले, “मॅडम, नियम सांगा. कधी आणायचं आणि कधी नाही.”

“काका, नियम सोपा आहे,” डॉक्टर हसली. “एखाद्या वेळी केसांचा गोळा ओकला आणि मग नेहमीसारखा जेवला, तर घरी लक्ष ठेवा. दिवसभर अन्नाला शिवला नाही, सारखा ओकतोय, तोंड उघडं टाकून धापा टाकतोय, मागचे पाय ओढतोय, तर उचलायचं आणि यायचं. आणि बोका वाळूत बसतोय पण वाळू कोरडी आहे, तर शेजाऱ्यांना विचारत बसायचं नाही.” मग ती गंभीर झाली. “आता याचं खाणं मी सांगेन तेच. ओलं, मोजून, आणि पाणी भरपूर. साय नाही, सुकं नाही, बोंबलाची मुंडकी नाहीत. साडेसहा किलोचा झालाय तो. परत अडलं तर दरवेळी असं निभावेल याची खात्री नाही. तुमच्या बिल्डिंगला हे कोण सांगणार?”

“ते माझ्याकडे लागलं,” कुंडलिकराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते कोरा कागद, पेन आणि लाल शाई घेऊन जिन्याखाली गेले. किल्ली काढली, काच सरकवली. नवी सूचना कशी लिहावी याचा त्यांनी बराच विचार केला. मग त्यांची नजर वरच्या जुन्या कागदावर गेली. ‘आवारातील मांजरांना कोणीही खायला घालू नये.’ त्यांनी दोनदा वाचलं. त्यात बदलण्यासारखं एक अक्षर नव्हतं. त्यांनी फक्त ‘आदेशावरून’च्या आधी ‘डॉ. शिवानी यांच्या’ एवढं लिहिलं, खाली ‘अपवाद: अहिरे, तिसरा मजला’ अशी ओळ टाकली, आणि काच लावून टाकली. दोन वर्षांत जी सूचना एका माणसानेही पाळली नव्हती, ती त्या दिवसापासून सगळी इमारत पाळू लागली. पुढच्या सकाळी बोका सरोजवहिनींच्या दारात बसला, तिथून विनीतच्या, तिथून तुळसाआजींच्या. आजींनी त्याला दार उघडलं नाही आणि आत बसून स्वतः रडल्या. शेवटी तो घरी येऊन खुर्चीत बसला आणि कुंडलिकरावांकडे, गाडी रद्द झाल्यावर प्रवासी बघतात, तसा बघत राहिला.

त्यानंतरच्या पहाटे, पंचशील म्हणायच्याही आधी, कुंडलिकराव वाळूपाशी उकिडवे बसले. चष्मा लावला. बोट लावून पाहिलं. मग तसेच उठून गॅलरीत गेले. खाली दूधवाला सायकल लावत होता, खालच्या गॅलरीत विनीत दात घासत उभा होता, आवारात तुळसाआजी फुलं तोडत होत्या. कुंडलिकरावांनी कठड्याला दोन्ही हात धरले, घसा साफ केला आणि पुन्हा एकदा तो माइकवरचा आवाज लावला.

“कृपया लक्ष द्यावे. तिसऱ्या मजल्यावरील बोक्याला आज सकाळी भरपूर लघवी झालेली आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.”

गॅलऱ्या उघडल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. विनीतने तोंडातल्या फेसासकट हात वर केला. आणि तळमजल्यावरून सरोजवहिनींचा काळजीचा, चांगला खणखणीत आवाज आला, “आणि तुम्हाला हो, भाऊजी?”

कुंडलिकरावांनी आत येऊन गॅलरीचं दार लावून घेतलं.